‘इनके अलावा मैदान में…’ ही ओळ कोण लिहितं?

रामबागेतली वहिनी

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण मांडायला जरा वेळ घेते, सांभाळून घ्या.

आमच्याकडे सकाळी दोन पेपर येतात, दोन्ही हिंदी. निवडणुकीच्या दिवसांत रोज उमेदवारांची बातमी असते. दोन नावं ठळक, दोघांचे फोटो, कोण कुठल्या कॉलनीत हात जोडत फिरलं त्याचं वर्णन, आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘इनके अलावा ११ प्रत्याशी और मैदान में हैं।’ मला त्या ओळीबद्दल विचारायचंय. आकडा ११ आहे की १७ हे बघायला कुणीतरी यादी उघडत असणारच. मग यादी समोर असताना नावं का उतरवत नाहीत? हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

विचारतेय कारण २०२२ साली आमचे भाऊजी त्या ओळीत होते.

इंदूर निगमची निवडणूक. ८५ वॉर्ड, मतदान ६ जुलैला. भाऊजी निर्दलीय पार्षद म्हणून उभे राहिले. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: निगम म्हणजे महापालिका, पार्षद म्हणजे तुमचे नगरसेवक, निर्दलीय म्हणजे अपक्ष.) घरात कुणालाच पटलं नव्हतं. सासूबाईंनी तर दोन दिवस अबोला धरला. भाऊजींचा मुद्दा एकच, आमच्या मागच्या गल्लीतली ड्रेनेजची लाइन. वरून नऊ इंची पाइप येतो आणि कोपऱ्यावर सहा इंचीत शिरतो. पाऊस जोराचा आला की चेंबरचं झाकण उचललं जातं आणि पाणी ओटल्यावर. त्यांनी या लाइनचा नकाशा स्वतः काढला होता, आलेखाच्या कागदावर, पट्टी लावून. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. त्यावरून घरात जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही.

प्रेस नोट द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं हिंदी बरं आणि माझ्याकडे स्कूटी. जूनअखेरची दुपार होती. प्रेस कॉम्प्लेक्सला एका पेपरच्या ऑफिसात गेले. खाली काउंटरवर एक मुलगा बसलेला. म्हणाला, ‘विज्ञप्ति ट्रे में रख दीजिए।’ ट्रेमध्ये आधीच वीतभर थप्पी होती, वर पेपरवेट म्हणून दुचाकीचं जुनं बेअरिंग. मी आमचा कागद थप्पीच्या वर ठेवला. बाहेर येऊन हेल्मेट घालत होते तेवढ्यात काचेतून दिसलं, मागून आलेल्या माणसानं आपली पाच-सहा पानं वर टाकली आणि बेअरिंग परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ‘संक्षेप’मध्ये दोन ओळी आल्या, एका सत्संगाच्या आणि एका रक्तदान शिबिराच्या मधे. नकाशाचा उल्लेख नाही, पाइपचा नाही. ‘जनसंपर्क किया’ एवढंच. आणि आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ केलेला, म्हणजे ओळखीच्यांनाही कळायची सोय नाही.

त्यानंतर दोन फोन आले. पहिला एका मुलाचा, आवाजावरून नवखा वाटला, गोड बोलत होता. ‘अंकल काही हटके करणार आहेत का? बैलगाडीतून प्रचार वगैरे? फोटो लागून जाईल.’ भाऊजी म्हणाले, मी चेंबरमध्ये उतरून दाखवतो. मुलगा म्हणाला, विचारून सांगतो. त्यानं नंतर फोन केला नाही. दुसरा फोन जाहिरात विभागातून. ‘पॅकेज’ घेतलंत तर रोज एक बातमी, शेवटच्या दिवशी मुलाखत. आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात आमच्या अख्ख्या घराला रंग देऊन झाला असता.

भाऊजी हरले. हरणारच होते. निकालाच्या दिवशी त्यांची मतं किती, ते सुद्धा आम्हाला पेपरात मिळालं नाही, ‘अन्य’मध्ये मिळवलेली होती.

हा विषय मी बंद केला होता. मग आली २०२४ ची लोकसभा. २९ एप्रिलला, नाव मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या अक्षय कांती बम यांनी अर्ज परत घेतला आणि ते भाजपमध्ये गेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मागे उरले चौदा उमेदवार. मला वाटलं, आता तरी बाकीच्यांकडे कॅमेरे वळतील. एक मोठं नाव गेलंय, जागा रिकामी झालीय. पण पुढचे दोन आठवडे आमच्या घरी आलेल्या पेपरांत भाजपचे उमेदवार लालवाणी आणि नोटा. नोटाची चर्चा, नोटाचं आवाहन, नोटाचं विश्लेषण, नोटाचा इतिहास. बसपाचे संजय सोळंकी उभे होते, राष्ट्रीय पक्षाचे. त्यांचं नाव मी रद्दी बांधताना मुद्दाम शोधलं. एका हाताची बोटं पुरली.

उमेदवार नसलेल्या बटणाला पान मिळतं आणि तेरा जित्या माणसांना एक ओळ. हे कसं ठरतं? आतलं माहीत असलेलं कुणी असेल तर सांगा. ‘सब बिके हुए हैं’ हे उत्तर नको, ते माझ्या मिस्टरांनी देऊन झालंय.

सरवटेस्टँड

वहिनी, तुम्ही नको म्हणालात तरी, सब बिके हुए हैं. 😄

बाकी एक गंमत. नोटाचा, इंदुरानं मोडायच्या आधीचा, विक्रम बिहारातल्या गोपालगंजचा होता, २०१९, ५१,६६० मतं. आणि २०२४ ला इंदुरात उमेदवारांत दुसऱ्या नंबरवर आलेल्या सोळंकींना मतं पडली ५१,६५९. एका मतानं राहिले भिया. ही बातमी कुणी केली होती का?

डेस्कवरचा नाना

वहिनी, मी इथल्याच एका हिंदी दैनिकात डेस्कवर बत्तीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही. ती ओळ मी स्वतः किमान शंभरदा लिहिली असेल. म्हणजे आरोपी हजर आहे.

आधी एक गैरसमज. तुम्हाला वाटतंय की कुठेतरी खोलीत बसून कुणीतरी ठरवतं, याला छापा, याला नको. तसं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. ठरवणारा कुणी नसतोच, आणि खरी अडचण तीच आहे.

पेपरात रिपोर्टरांना बीट वाटून दिलेली असते. एक भाजप बघतो, एक काँग्रेस, एक निगम, एक क्राइम. निर्दलीयांची बीट नसते. कधीच नव्हती. तुमच्या भाऊजींचा कागद ट्रेमधून वर आला की तो कुणाच्या टेबलावर जाणार? निगमवाला म्हणतो हे पोलिटिकल आहे. पोलिटिकलवाला म्हणतो माझी पार्टी नाही. मग तो जातो ‘संक्षेप’ करणाऱ्या शिकाऊ मुलाकडे, ज्याला रात्री साडेनऊपर्यंत असे चाळीस कागद दोन-दोन ओळींत बसवायचे असतात. तो पहिलं वाक्य वाचतो, शेवटचं वाचतो, नाव उचलतो. पाइप नऊ इंची की सहा इंची हे मधल्या परिच्छेदात असणार, तिथपर्यंत तो पोचतच नाही.

दुसरी गोष्ट सकाळच्या मीटिंगची. अकरा वाजता सगळे बसायचे, टेबलावर शहरातले सगळे पेपर पसरलेले. संपादक प्रतिस्पर्ध्याचं पान उघडून एकच प्रश्न विचारायचे: ‘ये अपने यहाँ क्यों नहीं है?’ रिपोर्टरला रात्री झोप न येण्याचं कारण हा प्रश्न. मोठ्या उमेदवाराची सभा चुकली तर हा प्रश्न येणार. निर्दलीयाची चुकली तर कुणीच विचारणार नाही, कारण ती दुसऱ्याकडेही नाही. चारही पेपर एकमेकांकडे बघून चालतात. सगळ्यांनी ज्याला सोडलं त्याला सोडण्यात धोका शून्य.

तिसरी, जागा. संध्याकाळी जाहिरात विभागाकडून पानाची डमी यायची, त्यावर जाहिरातींचे चौकोन आधीच आखलेले. उरलं ते आमचं. निवडणुकीत ते किती उरतं हे तुम्ही सकाळी बघताच.

आता ‘मुख्य मुकाबला’ कसा ठरतो. मागच्या वेळी कुणाला किती मतं, तिकीट कुणाचं, जातीची गणितं, फॉर्म भरायला किती गाड्या आल्या. हो, गाड्या. रिपोर्टर कलेक्टोरेटच्या बाहेर उभा राहून मोजायचा. ज्याच्या मागे गर्दी तो दमदार, आणि दमदार म्हणून छापला की पुढच्या दिवशी मागे अजून गर्दी. हे चक्र आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. मी एकदा बोललोही. सिटी चीफ म्हणाले, ‘नाना, तुम घर जाके सोचो, अभी पेज छोड़ो।’

आमचा अंदाज बरोबर असायचा का? बहुतेकदा. पण ‘मागच्या वेळची मतं’ हा काटा धरला तर १९८९ मध्ये काय दिसत होतं? एका बाजूला प्रकाशचंद्र सेठी, माजी मुख्यमंत्री, केंद्रात गृहमंत्री राहिलेले. दुसऱ्या बाजूला सुमित्रा महाजन, १९८५ ची विधानसभा हरलेल्या. मी तेव्हा डेस्कवर अगदी नवा होतो, आणि माझ्या आसपासचे सगळे जुने लोक सेठींचंच नाव घेत होते. ताई लाखावर मतांनी निवडून आल्या आणि पुढे २०१४ पर्यंत आठ वेळा. त्यांच्या मागे पक्ष होता, त्यामुळे निदान फोटो तरी लागत होता. पक्ष नसता तर?

आणि निर्दलीय म्हणजे हलका, हे तरी इंदुरानं म्हणू नये. १९६२ मध्ये याच शहरानं कामगार पुढारी होमी दाजींना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं होतं. माझे वडील मिलमध्ये होते. ते सांगायचे, दाजींची सभा कधी आहे हे पेपरातून कळायची गरजच नव्हती, पाळी सुटली की गेटवर कळायचं. दाजींकडे मिलची गेटं होती. तुमच्या भाऊजींकडे काय होतं, एक गल्ली आणि तुमची स्कूटी. म्हणून त्यांना पेपर लागत होता. ज्याला लागतो त्याला मिळत नाही, हे मी नाकारत नाही.

पॅकेजबद्दल: खरं आहे. मी जाहिरात विभागात नव्हतो, पण पान माझ्या हातून जायचं. ‘ये वाली ऐसे ही जानी है, शब्द मत काटना’ असा निरोप आला की समजायचं. अशी बातमी ओळखायची खूण सांगतो. त्यात उमेदवाराला कुणी एकही प्रश्न विचारलेला नसतो आणि प्रत्येक गल्लीत त्याच्यावर फुलं पडतात.

रामबागेतली वहिनी

नाना, मनापासून आभार. बीट नसते हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. इतकी वर्षं मी कुणावर तरी चिडून होते आणि तिथे खुर्चीच रिकामी निघाली.

पण मग नोटा? नोटाची तरी बीट कुठे होती?

डेस्कवरचा नाना

होती ना! काँग्रेसची बीट. उमेदवार गेला, पण ती बीट बघणारा पोरगा तर तिथेच होता. त्याला रोज काँग्रेसची एक बातमी द्यायचीच होती. पक्षानं नोटाचं बटण दाबा म्हणून आवाहन केलं, त्याला बातमी मिळाली. मग भाजपच्या बीटवाल्याला त्यावर भाजपची प्रतिक्रिया मिळाली. आमच्या साच्यात दोन खुर्च्या असतात, एकीवर नोटा येऊन बसला. सोळंकींना खुर्ची द्यायला कुणाचं टेबलच नव्हतं.

२,१८,६७४ मतं पडली नोटाला, बातमी तर ती होतीच. मीही असतो तर पहिल्या पानावरच घेतली असती. माझं म्हणणं इतकंच, की त्या दोन आठवड्यांत एक दिवस, एक पान, तेरा फोटो, तेरा परिच्छेद, हे कुणीही करू शकलं असतं. एका माणसाचं दीड दिवसाचं काम.

खडू आणि कात्री

मी शिक्षिका आहे, नाना आणि वहिनींच्या मधे थोडं माझं घुसवते.

आम्हा शिक्षकांना निवडणुकीत काय काय करावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका निवडणुकीत माझी ड्यूटी मीडियावर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा समितीत लागली, एमसीएमसी म्हणतात तिला. सकाळी सातला कलेक्टोरेटमध्ये हजर. टेबलावर दहा-बारा पेपर, कात्री, डिंक, लाल पेन आणि फूटपट्टी. उमेदवाराची बातमी दिसली की कापायची, चिकटवायची, आणि संशय आला तर तिचं माप घ्यायचं, किती कॉलम, किती सेंटीमीटर. एकच मजकूर, शब्दन्‌शब्द तोच, तीन पेपरांत वेगवेगळ्या मथळ्यांखाली सापडला की आमच्या टेबलावर आनंद व्हायचा. बातमी पैसे देऊन छापली असं समितीला वाटलं तर उमेदवाराला नोटीस जाते, आणि खुलासा पटला नाही तर तेवढ्या जागेचा जाहिरातीच्या दरानं खर्च त्याच्या खात्यात धरतात. लोकसभेला आपल्याकडे खर्चाची मर्यादा ९५ लाख, त्यामुळे मोठे उमेदवार या नोटिशीला जरा बिचकतात.

तर वहिनी, मी तिथे बसून रोज जास्त काय छापलं ते मोजत होते. कमी काय छापलं ते मोजायचा रकानाच नव्हता. एकदा मी सहज साहेबांना विचारलं, की हे जे आठ-दहा उमेदवार आहेत यांची एकही कात्रण फाइलला नाही, त्यांचं काय करायचं? ते म्हणाले, ‘मॅडम, उनकी फाइल साफ है, अच्छी बात है।’

प्रेस कौन्सिलची निवडणुकीसाठी नियमावली आहे. त्यात वस्तुनिष्ठ बातम्या द्याव्यात, उमेदवारानं मांडलेला महत्त्वाचा मुद्दा गाळू नये, असं सगळं आहे. पण कौन्सिल फार तर कानउघाडणी करू शकते, दंड नाही. आकाशवाणी-दूरदर्शनवर १९९८ पासून पक्षांना फुकट वेळ मिळतो, तोही मान्यताप्राप्त पक्षांनाच. त्यात थोडा सगळ्यांना सारखा आणि उरलेला मागच्या मतांच्या हिशोबानं. म्हणजे नानांचा काटा सरकारनंही तोच धरलाय.

आणि यादीचं सांगायचं तर तिचा क्रमही कायद्यानंच ठरतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नुसते नोंदणी झालेल्या पक्षांचे, मग बाकीचे. प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमानं. रिपोर्टर वरची दोन-तीन नावं उतरवतो आणि खालच्यांची बेरीज करतो. मतदान यंत्रावरही हाच क्रम.

एक गमतीची तरतूद मात्र आहे. लोकसभा-विधानसभेच्या ज्या उमेदवारावर फौजदारी खटले आहेत, त्यानं स्वतःच्या खर्चानं ते तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर जाहीर करायचे असतात. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हे आहे. म्हणजे तुमचे भाऊजी विधानसभेला उभे असते आणि त्यांच्यावर एखादा खटला असता तर त्यांचं नाव तीनदा नक्की छापून आलं असतं. आणि ‘ळ’ही तपासून घेतला असता.

सरवटेस्टँड

मॅडम, नंबर एक 😂 भाऊजींना सांगा, पुढच्या वेळी आधी छोटासा दंगा.

पेड न्यूजवर खरोखर काही होतं का पण? दतियाचं काय झालं होतं?

खडू आणि कात्री

दतियाचे नरोत्तम मिश्रा. २००८ च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजच्या खर्चावरून आयोगानं २०१७ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं तो आदेश रद्द केला. मधल्या काळात मंत्रिपद चालूच. त्याआधी २०११ मध्ये उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव पेड न्यूजवरून अपात्र ठरल्या होत्या, तो देशातला पहिला प्रकार. बाकी आमच्या टेबलावरच्या नोटिशींचं पुढे काय होतं ते आम्हाला कुणी कळवत नाही. मतदान झालं की आम्ही परत शाळेत, पेपर तपासायला.

स्पष्टवक्ता

सगळ्यांची माफी मागून उलट बाजू. ८५ वॉर्ड, प्रत्येकात पाच-सहा जण, सगळ्यांचे मुद्दे छापायचे तर टेलिफोन डिरेक्टरी निघेल. त्यातले निम्मे डमी असतात, मत फोडायला उभे केलेले, सारख्या नावाचे. काही नुसते हौशी. पेपरानं चाळणी लावायचीच नाही का? आणि वहिनी, राग नको, पण दुसऱ्या वॉर्डातल्या निर्दलीयाच्या ड्रेनेजची बातमी आली असती तर तुम्ही वाचली असती?

रामबागेतली वहिनी

राग नाही. नसती वाचली, हे कबूल. पान उलटलं असतं.

पण चाळणी लावा म्हणतेय मी, लावूच नका असं कुठे म्हटलं? डमी कोण आणि खरा कोण हे चाळायलासुद्धा कुणीतरी एकदा येऊन बघायला हवं ना. आमच्या कोपऱ्यावर पंधरा मिनिटं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं, वासानंच कळलं असतं. आणि माझ्या वॉर्डातली बातमी माझ्या वॉर्डातल्या लोकांनी वाचली असती, तेवढंच हवं होतं.

मल्हारगंज ते एडिसन

मी न्यू जर्सीतून. जन्म इंदूरचा, पोहे-जिलबीच्या आठवणीनं व्याकूळ वगैरे नेहमीचंच.

इथे चाळणी आकड्यात लिहून ठेवलेली असते. राष्ट्राध्यक्षपदाच्या वादसभांना २००० पासून नियम होता: पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांत सरासरी १५ टक्के असतील तरच मंचावर जागा. २०२४ च्या जूनमधली वादसभा एका वृत्तवाहिनीनं स्वतः भरवली, तिनंही १५ टक्केच धरले, चार चाचण्यांत. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनिअर बाहेर राहिले. वरून स्वच्छ दिसतं, पण चाचणी घेणारे प्रश्नात कुणाचं नाव घालतात? ज्याची बातमी येते त्याचं. शेवटी नानांच्या गाड्या मोजण्यासारखंच. अपक्ष रॉस पेरो १९९२ मध्ये वादसभांत होते, जवळजवळ १९ टक्के मतं घेतली. १९९६ मध्ये त्याच पेरोंना मंचावर घेतलं नाही, जिंकायची वास्तव शक्यता नाही म्हणून.

रेडिओ-टीव्हीला इथे सर्व उमेदवारांना समान संधी द्यायचा कायदा १९३४ पासून आहे. मग १९५९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाला लार डॅली नावाचा कायम हरणारा उमेदवार उभा होता, अंकल सॅमचा वेष करून फिरायचा. बाकीचे बातम्यांत दिसले, तर मलाही तेवढाच वेळ द्या म्हणाला, आणि इथल्या प्रसारण आयोगानं त्याचं म्हणणं मान्य केलं! झालं, संसदेनं त्याच वर्षी कायदा बदलून बातम्यांना त्यातून वगळलं. आपल्याकडचे काका जोगिंदरसिंग ‘धरतीपकड’ आठवले, तीनशेच्या वर निवडणुका लढलेले. त्यांची बातमी मात्र सगळीकडे यायची, करमणूक म्हणून. वहिनींना आलेला बैलगाडीवाला फोन त्याच खात्यातला.

डेस्कवरचा नाना

अगदी. विनोदी उमेदवाराला आमच्याकडे कायम जागा. दहाच्या नाण्यांची थैली घेऊन डिपॉझिट भरायला आला, की बॉक्समध्ये फोटो. अधिकारी मोजत बसलेत, फोटोग्राफर खूश. मीच मथळे दिलेत, ‘सिक्कों की खनक’ वगैरे. त्या माणसाला काय म्हणायचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

वहिनी, आता कामाचं. पुढची निगम निवडणूक २०२७ ला आहे. भाऊजी उभे राहणार असतील तर ऐका. ट्रेमध्ये कागद टाकू नका. निगम बीट बघणाऱ्या रिपोर्टरचं नाव बातमीवर असतं, त्याला गाठा, आणि निवडणूक लागायच्या आधी, पावसाळ्यात गाठा. तेव्हा भाऊजी उमेदवार नसतात, तक्रारदार असतात, आणि तक्रारदाराची बीट असते! नकाशाचा फोटो द्या, चेंबर उलटलेलं असताना काढलेला दुसरा फोटो द्या. पहिल्याच वाक्यात नऊ इंची-सहा इंची. दुपारी चारच्या आत, कारण पाचला पानं ठरतात. दोन वर्षांत तीन बातम्या लागल्या की फॉर्म भरायच्या दिवशी त्याच रिपोर्टरला ‘ये तो वही ड्रेनेज वाले हैं’ आठवेल. आणि ‘ड्रेनेज वाले’ ही ओळख मिळाली की माणूस ‘अन्य’मधून बाहेर येतो.

रामबागेतली वहिनी

नाना, भाऊजींना हे सगळं वाचून दाखवलं. सासूबाई पलीकडे भाजी निवडत ऐकत होत्या. भाऊजी काही बोलले नाहीत, आत गेले आणि कपाटावरून तो नकाशा काढून आणला. वाळवीनं एक कोपरा खाल्लाय, पण नेमका निगमच्या बाजूचा, आपला कोपरा शाबूत आहे.

उभं राहायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. सासूबाईंनी निवडलेली भाजी उचलली आणि जाताना म्हणाल्या, ‘आधी ते ळ चं बघा.’

तर नाना, शेवटचा प्रश्न. तुमच्या डेस्कवरच्या कीबोर्डात ळ होता की नव्हता?

डेस्कवरचा नाना

होता. शिफ्ट दाबून.